बिनदिव्याची मोराई

मोरखडे गावाच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, काळ्या दगडाची एक जुनी बारव आहे. पायऱ्या उतरत गेलं की उजव्या हाताच्या भिंतीत, पाण्याच्या थोडी वर, एक देवळी लागते. देवळीत मूर्ती नाही. खडकातच लिंबाएवढा एक गुळगुळीत खडा बसलेला आहे, रंगानं पिवळट, म्हाताऱ्या माणसाच्या दातासारखा. हीच मोराई. एवढ्या पायऱ्या उतरून आल्यावर पाहुण्यांची जरा निराशाच होते. कुणी हळद-कुंकू शोधतं, कुणी दिवा शोधतं. दोन्ही सापडत नाहीत. ह्या देवीपुढे दिवा लावायचा नाही, अशी गावाची सक्त रीत आहे.

गावातले सांडूतात्या पाहुण्यांना घेऊन खाली उतरतात तेव्हा आधी प्रत्येकाच्या डोक्याकडे बघतात. केसांना तेल दिसलं की माणूस वरच्या पायरीवर थांबलाच, मग तो साहेब असो की गावचा जावई. "रागावू नका," तात्या म्हणतात, "आमची देवी तेलानं मेली." एवढं बोलून ते पायरीवर टेकतात आणि सांगू लागतात. त्यांनी ते आजीकडून ऐकलं, आजीनं तिच्या सासूकडून.

फार पूर्वी, म्हणे, हा खडा जिवंत होता. बारव खोदताना पाथरवटांना तो खडकाच्या पोटात सापडला. इथल्या खडकात गारगोट्या ढिगानं निघतात, त्यांचं कुणाला कौतुक नसतं. पण ह्या खड्याला भिंतीची ओल लागली होती आणि त्याच्या आत रंग हलत होते. हिरवा, निळा, मधेच निखाऱ्यासारखा लाल. मान जरा कलती केली की हिरव्याचा निळा होई, आणि निळ्याकडे बोट दाखवावं तोवर तो दुसरीकडेच उमटलेला असे. मोराच्या गळ्यावर ऊन पडल्यावर दिसतो तसा खेळ. पाथरवटांनी छिन्नी बाजूला ठेवली. खड्याभोवती देवळी कोरली, पण त्याला जागचं हलवलं नाही. गावानं त्याला मोराई म्हटलं.

पुढं एका पाटलाला मोह झाला. त्यानं खड्याच्या कडेचा एक कपचा काढला आणि अंगठीत बसवला. शहरातले सराफ असल्या खड्याला ओपल म्हणतात. ज्योतिषी तो शुक्राचा म्हणून बोटात घालायला सांगतात. कुणी म्हणतं हा खडा प्रेम आणतो, कुणी म्हणतं घर बुडवतो. पाटलाच्या अंगठीतल्या तुकड्यानं काही आणायच्या किंवा बुडवायच्या आतच तो पांढराफटक पडला आणि उन्हाळ्यात तडकून गेला. तेव्हा लोकांना उमगलं, की ह्या खड्याला स्वतःचा रंगच नाही. तो पाणी पितो आणि रंग दाखवतो. भिंतीमागं झरा आहे. झरा भिंतीत पाझरतो तोवर मोराई रंगात, झरा आटला की मोराई पांढरी.

जुन्या लोकांनी एवढंच धरून ठेवलं होतं. मोराई पांढरी पडली की बिऱ्हाडं गाड्यांवर चढत, गुरं सुटत आणि सगळं गाव घाट उतरून पूर्णेच्या काठी जाई. पाऊस लागून झरे फुटले की परत. मग गाव मोठं झालं. माळवदाची घरं उभी राहिली, पेवं धान्यानं भरली, आणि भरलेलं पेव मागं टाकून जायला कुणाचा पाय निघेना. मोराई पांढरी पडली की लोक म्हणू लागले, देवी रुसली. खड्यानं सांगितलं होतं एवढंच, की पाणी संपलं. लोकांनी त्यात राग पाहिला. राग असला की तो काढायला काहीतरी देता येतं. आटलेल्या झऱ्याला काय देणार?

असं सांगतात, की त्या काळी गावात धुरपदा नावाची एक विधवा तेलीण होती. तिचा तेलाचा घाणा होता, घाण्याला एक म्हातारा बैल होता आणि रावबा नावाचा एकुलता एक मुलगा होता. बाई तोंडानं फटकळ. तेल घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती तेलाबरोबर चार शब्दही मोजून देई. रावबाचं लग्न झालं आणि हौसा नावाची सून घरात आली तेव्हा शेजारणी म्हणाल्या, आता हिच्या जिभेला रोजचं काम मिळालं.

हौसाला आई नव्हती, बापही नव्हता. मामानं वाढवलेली पोर. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी ती सासूपुढं पाठ करून बसली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, डोक्याला तेल लावता का?" घरात तेलाचे डेरे भरलेले, पण धुरपदाकडं असं कुणी कधी मागितलं नव्हतं. तिनं तेल ओतलं आणि बोटं केसांत घातली. आई गेल्यापासून त्या डोक्याला दुसऱ्याचा हात लागला नव्हता. पोर तशीच बसल्या बसल्या झोपली, आणि मांडी अवघडली तरी धुरपदा हलली नाही. तेव्हापासून रोज सकाळी तेल. तोंडाचा पट्टा चालूच असे, "केस हायेत का सुंभ, कोणी विंचरलं नाई वाटतं तुला," पण हात मऊ असे. त्या घरात माया होती ती अशी हातात होती.

त्याच साली पाऊस दगा देऊन गेला होता. उन्हाळा चढला तशी बारव खाली खाली गेली आणि चैत्र सरता सरता मोराई पांढरी पडली. काही घरांनी गाड्यांना वंगण घातलं, निघायची तयारी केली. पण हिराजी पाटलाची पेवं तुडुंब होती आणि पाटील हलल्याशिवाय गाव हलत नसे. पाटलानं भगताला बसवलं. भगत घुमला आणि म्हणाला, मोराईचे रंग गेलेत, तिला रंगाचं माणूस पाहिजे. जिची हळद अजून उतरली नाही अशी सून बारवेच्या तळाशी बसवा आणि वरून माती लोटा.

कौल लावला. कौल पडला हौसावर. पाटलाच्या घरातही त्याच हंगामात सून आली होती, तिचीही हळद ओलीच होती. पण कौलाला पाटलाच्या दाराची वाट कधी सापडत नाही, असं सांडूतात्या म्हणतात आणि काठी पायरीवर आपटतात.

रावबा पाटलाच्या पायांवर डोकं ठेवून आला. कपाळाला माती लागली, एवढंच. वेशीवर माणसं बसवली, पोरगी कुठं पळू नये म्हणून. अमावस्येचा दिवस ठरला. हौसा रडली नाही. ती घरातलं एकेक भांडं घासून पालथं घालू लागली, जशी लांबच्या गावाला निघालेली बाई घालते.

एका भर दुपारी, ऊन एवढं की गावातलं कुत्रंसुद्धा सावली सोडून हलत नव्हतं, धुरपदा एकटी बारव उतरली. देवीशी भांडायला आली होती म्हणे. पण देवळीपाशी पोचल्यावर तिनं नुसता खड्याला अंगठा लावला. खडा कोरडा होता, जिभेला चिकटेल असा कोरडा. तिनं अंगठा काढला आणि बघते तर जिथं अंगठा टेकला होता तिथं बारीकसा हिरवा ठिपका उमटला होता.

तेलिणीच्या हाताला तेल कायमचंच. तिला एका क्षणात सगळं कळलं. जवसाचं तेल कोरड्या लाकडात कसं शिरतं, मळकट जू त्यानं कसं चमकतं, आणि दुसऱ्या तेलासारखं ओशट न राहता ते आतच कसं वाळून बसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती घरी गेली, पदराखाली जवसाच्या तेलाची बुधली घेऊन परत आली आणि खड्यावर धार धरली. खडा प्याला. बुधली रिकामी होईस्तोवर प्याला. मग त्याच्या पोटात रंग पेटले. कुणी कधी पाहिले नव्हते एवढे, हिरव्यावर लाल आणि लालावर निळा. त्या काळोख्या देवळीत धुरपदाला त्यांची भीती वाटली. तिनं पदरानं खडा पुसून कोरडा केला आणि मागं न बघता पायऱ्या चढली.

सांज व्हायच्या आत गावभर ओरड झाली, मोराई हसली! लोक पळत सुटले. ढोल आला, गुलाल आला. भगतानं लगेच सांगितलं, की देवीला माणसाची तयारी बघायची होती, ती तिनं बघितली. असल्या माणसाला शब्द कधी कमी पडत नाहीत. वेशीवरची राखण उठली. हौसाला लोकांनी ओवाळलं. ती घरी आली, सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तेव्हा कुठं पहिल्यांदा रडली. धुरपदा तिच्या केसांत बोटं फिरवत राहिली. त्या घटकेला आपण काही वाईट केलं असं तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

वाईट झालं ते दुसऱ्या दिवशी. ज्या घरांनी गाड्या भरल्या होत्या त्यांनी त्या उतरवल्या, बैल सोडले. मोराई रंगात आहे म्हणजे झरा जवळ आला, आता कशाला नदी गाठायची? धुरपदानं ते दारातून पाहिलं. मृग जवळ आलं होतं. तेवढे दिवस निघाले की पाऊस पडेल, खरं पाणी येईल आणि आपण केलेल्या खोट्याचंही खरं होऊन जाईल, अशी तिनं मनाची समजूत घातली. मृग आलं आणि कोरडं गेलं. बारवेत चिखल उरला. बाया चिखल पिळून, फडक्यातून गाळून घागरी भरू लागल्या आणि जाता येता मोराईकडं बघून हात जोडू लागल्या. खडा तसाच झळकत होता. दिवसा तसाच, रात्री पलित्याच्या उजेडातही तसाच. जिवंत होता तेव्हा तो कमीजास्त व्हायचा, कधी फिका, कधी गडद. आता होत नव्हता. हे फक्त धुरपदाच्या ध्यानात आलं होतं.

आधी गुरं मेली. मग त्या गढूळ पाण्यानं पोरांना हगवण लागली. घाण्याच्या शेजारी पुतळा कुंभारणीचं घर होतं. तिचं धाकटं पोर नुकतं पाऊल टाकू लागलं होतं. हौसा आपल्या वाटणीचं पाणी चोरून त्याला पाजून यायची. ते पोर गेलं. धुरपदा शेजारधर्म म्हणून जाऊन बसली, तर पुतळा तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "मोराई हसतीया म्हणून थांबले गं मी. नाईतर माह्या भावाची गाडी दारात उभी होती."

बोलावं तर सून जाते, न बोलावं तर गाव जातं. घरी येऊन धुरपदा घाण्याच्या अंधाऱ्या खोपटात बसली. हौसानं तिथं येऊन विचारलं, "आत्याबाई, मोराई हसतीया तर पाणी कामून येत नाई?" पोरीनं सरळ मनानं विचारलं होतं. पण त्या प्रश्नानं धुरपदाचा निर्णय झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं रावबाला उठवलं. घाण्याचा बैल नदीवर ने, इथं मरंल, आणि हौसाला संगं घेऊन जा, असं सांगितलं.

"आन तुम्ही?" हौसानं विचारलं.

"मी येते मागून. घाणा उघडा टाकून कशी येऊ?"

हौसा नेहमीसारखी पाठ करून बसली. निघायच्या आधी तेवढं तेल लावून घ्यावं, म्हणून. धुरपदानं बुधलीकडं हात नेला आणि तो तिथंच थांबला.

"आज नको," ती म्हणाली. "आज तेल नको. ऊठ."

पोरीनं वळून बघितलं आणि ती उठली. दोघं निघाली. ती घाटाच्या वळणाआड जाईस्तोवर धुरपदा ओट्यावर बसून राहिली. ती वाट बघत होती तेवढ्या वेळात गावात आणखी एका घरातून रडणं उठलं. ते रडणं आपल्या खात्यावरचं आहे, हे तिला कळलं. तरी वळण रिकामं झाल्याशिवाय ती उठली नाही. धुरपदाला चांगली म्हणावं की वाईट, हे सांडूतात्यांच्या आजीलाही ठरवता आलं नव्हतं.

मग ती चावडीवर गेली आणि गावाला बारवेत घेऊन आली. सगळ्यांच्या देखत तिनं पदरानं खडा घासला आणि पदर पाटलासमोर धरला.

"वास घ्या."

पाटलानं वास घेतला. पदर हातोहात फिरला. जवसाचा वास ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. "पाणी नाई," धुरपदा म्हणाली. "पाणी कधीच नव्हतं. मी तेल पाजलं. माहं काय करायचं ते मागून करा, आधी पोरं उचला आन नदी गाठा."

कुणी दगड उचलला, कुणी तिच्या झिंज्या धरल्या. भगत ओरडला, की सुनेला धरून आणा. घाट ती कधीच उतरली, असं धुरपदानं सांगितल्यावर तो म्हणाला, मग हिलाच गाडा. तेवढ्यात पुतळा पुढं आली. तिचे डोळे कोरडे होते.

"हिला मारून माहं लेकरू येतंय का?" ती म्हणाली. "हिनं खडा आंधळा केला. आता ह्यो कधीच काई सांगायचा नाई. मग हिनंच हितं बसावं, भिंतीला हात लावून. ओल आली की टेकडीवर जाळ करायचा. आमी जाळ बघून येऊ. तवर हिचं तोंड मला दिसू नये."

"बसते," धुरपदा म्हणाली.

त्या दिवशी गाव उठलं. हिराजी पाटीलही उठला, पेवं तशीच टाकून. जाताना कुणी तिच्यासाठी पाणी ठेवलं का, ह्याबद्दल आख्यायिका काही सांगत नाही. पुतळानं एक घागर ठेवली असं काही म्हाताऱ्या म्हणतात, काही म्हणतात कुणीच नाही.

धुरपदानं आधी टेकडीवर काटक्या रचून ठेवल्या. मग खाली येऊन राखेनं हात घासले. जन्मभराचं तेल मुरलेला तो तळवा, त्याला ओल लागली तरी कळली नसती. राखेनं भागेना तेव्हा तिनं वाळूनं घासले, कातडी सोलवटेस्तोवर घासले. केसही तसेच चोळले. आणि देवळीशी बसून तिनं तळवा भिंतीला लावला. भिंत तव्यासारखी कोरडी होती. शेजारी खडा रंग दाखवत होता. गावात कुणी नव्हतं तरी तो आपला कुणासाठी तरी खोटं सांगत होता. काही दिवसांनी त्याच्या लालात पिवळं शिरलं, मग हिरव्यात. तेल आत वाळत चाललं होतं. एकेक रंग विझताना धुरपदा बघत राहिली.

नदीकाठी हौसाला लोकांच्या तोंडून सगळं कळलं. परत जायला ती निघाली, तर लोकांनी तिला बांधून ठेवलं. ती रोज टेकडीकडं तोंड करून बसे. जाळ दिसेना. पाऊस आला, उशिरा पण धो धो आला, नदीचं पाणी चढलं, तरी टेकडीवर धूर नाही. मग जाळाची वाट न बघताच गाव परत फिरलं. हौसा सगळ्यांच्या पुढं धावत होती. बारवेच्या काठाशी येऊन ती वाकली आणि तिनं हाक दिली.

"आत्याबाई, पाणी हाये का?"

हाक खाली गेली, दगडांत घुमली आणि परत आली.

धुरपदा देवळीशीच होती. डोकं खडकाला टेकलेलं, तळवा भिंतीला. बारवेतलं पाणी चढत चढत तिच्या पावलांपाशी आलं होतं आणि भिंतीतून फुटलेला झरा तिच्या बोटांमधून वाहत होता. पाणी आधी आलं की मरण आधी आलं, हे कुणालाच सांगता आलं नाही. टेकडीवरच्या काटक्या रचल्या तशाच भिजून पडल्या होत्या. खडा पुरता पिवळा झाला होता. पाणी त्याच्यावरून वाहत होतं आणि त्याला ते लागत नव्हतं.

तिला न्हाऊ घातलं ते पुतळानं, म्हणे. दुसऱ्या कुणाला तिनं हात लावू दिला नाही. पण माफ केलं, असं ती मरेपर्यंत कधी म्हणाली नाही. हौसानं पुढं जन्मभर डोक्याला तेल लावलं नाही. हिराजी पाटील मात्र पुन्हा कधी बळीचं नाव काढू धजला नाही, आणि गावानं भगताला पुन्हा कधी घुमायला बसवलं नाही.

तेव्हापासून मोराईपुढं दिवा नाही, की तेलाचं बोट नाही. दर वैशाखात एके सकाळी गावातली सगळ्यात वयस्क सासू राखेनं हात घासून, कोरड्या केसांनी बारव उतरते आणि खड्याकडं न बघता भिंतीला तळवा लावते. तिची सून काठावर उभी राहून विचारते, "आत्याबाई, पाणी हाये का?" खालून जे उत्तर येतं ते खरंच असावं लागतं, मग ते कितीही कडू असो. "नाई" म्हटलं की पूर्वी गाड्या जुंपत, आता टँकरची तजवीज करतात. त्यावर कुणी वाद घालत नाही.

पण ते उत्तर येतं दुसऱ्या हाकेला. पहिली हाक हौसाची. ती खाली जाते, घुमते, विरते. भिंत ओली असली तरी खालची बाई गप्प असते, वर जमलेल्या बायाही गप्प असतात. बारवेवर एवढी माणसं उभी असूनही पहिल्या हाकेला आजही कुणी ओ देत नाही.